संत्रं ताटात वाढा: गरोदरपणात संत्री, मोसंबी, लिंबू खाण्याची रीत

मला दिवस गेले तेव्हा बाबांनी मोर्शीहून संत्र्यांची पेटी पाठवली होती. आंबिया बहाराची, काही फळांच्या देठाशी पानं तशीच. पेटी उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "आत्ता आंबट नको गं, तिसरा सुरू आहे." शेजारच्या काकू म्हणाल्या, रोज दोन खा, बाळ गोरं होईल. आणि फोनवर आईचं एकच पालुपद, "थंड असतात, दिवेलागणीनंतर हात लावू नकोस." तिघींनाही माझं भलंच हवं होतं. पण या सगळ्यात अर्धी पेटी सुकून गेली, आणि पाचव्या महिन्यात माझं हिमोग्लोबिन ९.२ निघालं.

संत्री खाल्ली नाहीत म्हणून रक्त कमी झालं, असं मी म्हणणार नाही. ते इतकं सोपं नसतं. पण तपासणीनंतर दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ ताईंनी विचारलेले दोन प्रश्न अजून लक्षात आहेत. "लोहाची गोळी कशाबरोबर घेता?" चहाबरोबर. "आणि फळ कधी खाता?" दुपारी चारला, नुसतं. ताईंनी माझ्याच फाइलच्या मागच्या कोऱ्या बाजूला एक ताट काढलं आणि उसळीच्या वाटीशेजारी संत्र्याच्या चार फोडी काढल्या. पहिल्यांदा आई होणाऱ्या बाईला, आणि तिच्यासाठी बाजारातून फळं आणणाऱ्या घरातल्या सगळ्यांना, मला ते ताट दाखवायचं आहे.

आधी भीती काढून टाकू

संत्रं, मोसंबी, लिंबू नऊही महिने खाल्लेलं चालतं. पहिल्या तीन महिन्यांतही. आंबट खाल्ल्यानं गर्भ पडत नाही. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भपात गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात, त्यात आईनं काय खाल्लं याचा संबंध नसतो. हे मुद्दाम सांगते, कारण असं काही घडलं की बाईच्या डोक्यात "मी त्या दिवशी लिंबू सरबत प्यायले होते" हे वर्षानुवर्षं राहतं, आणि कुणीतरी ते बोलूनही दाखवतं. तसं करू नका.

बाळाचा रंग आईवडिलांकडून येतो, संत्र्यातून नाही. मुलगा की मुलगी हे गर्भ राहतानाच ठरलेलं असतं, डोहाळे आंबटाचे लागोत की गोडाचे. आणि सर्दी विषाणूमुळे होते. फ्रिजमधून काढलेलं गार फळ घशाला बोचत असेल, तर तासभर आधी बाहेर काढून ठेवा, एवढंच.

काळजी घ्यायची ती फळाभोवतीच्या गोष्टींची: कुठलं पाणी, कसला बर्फ, कोणती सुरी, रिकामं पोट, चालू असलेलं औषध, आणि साखर. आता एकेक घेऊ.

कोणतं फळ कशासाठी

आपल्याकडे या कुळातली चार-पाच फळं रोजच्या वापरात असतात. नागपुरी संत्रं, सैल सालीचं, हातानं सोलता येणारं. मोसंबी, जालना-छत्रपती संभाजीनगरकडची, गोड, पित्ताचा त्रास असणारीलाही बहुधा सोसणारी. कागदी लिंबू तर घरात असतंच. पपनस कोकणात नि गोव्यात गणपतीच्या दिवसांत हमखास दिसतं, मूर्तीच्या वर फळं बांधून टांगतात त्या माटोळीला बांधलेलं. ईडलिंबू आणि महाळुंग लोणच्यापुरते. मोठ्या शहरांत किनू आणि ग्रेपफ्रूटही मिळतं. यातलं पपनस आणि ग्रेपफ्रूट वेगळं काढून ठेवा, त्यांच्याबद्दल औषधांच्या भागात सांगायचं आहे.

यांच्यातून मिळतं काय? मुख्य म्हणजे क जीवनसत्त्व. गरोदर बाईला दिवसाला साधारण ८० मिलिग्रॅम लागतं असं आपल्याकडच्या आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) शिफारशीत आहे. १०० ग्रॅम मोसंबीच्या गरात ते ५० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, संत्र्यात त्याच्या निम्म्यापेक्षा थोडं जास्त. म्हणजे एक मोसंबी, एक संत्रं आणि जेवणात थोडी कोबीची किंवा टोमॅटोची कोशिंबीर, एवढ्यात दिवस भागतो. डझनभर खायची गरज नाही.

फोलेटही, म्हणजे फोलिक ॲसिडचं अन्नातलं रूप, थोडं असतं, १०० ग्रॅममागे ३० मायक्रोग्रॅमच्या जवळपास. पण म्हणून फोलिक ॲसिडची गोळी सोडायची नाही. पहिल्या तीन महिन्यांत रोज ४०० मायक्रोग्रॅम लागतं आणि तेवढं संत्र्यांतून घ्यायला टोपली लागेल. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा जिच्यातून घडतो ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते, अनेकींना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून ही गोळी शक्यतो आधीपासूनच सुरू करायला सांगतात.

या फळांनी पित्त होत असेल, वास सहन होत नसेल, तर स्वतःवर सक्ती करू नका. १०० ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व २०० मिलिग्रॅमच्या वर असतं, आवळ्यातही भरपूर. बागायतदाराची मुलगी असूनही हे सांगते.

बाजारात

नागपुरी संत्र्यांचे दोन बहार असतात. आंबिया बहार दिवाळीच्या सुमारास येतो, मृग बहार फेब्रुवारीपासून उन्हाळा लागेपर्यंत. मृगाची संत्री बहुधा जास्त गोड. ज्यांना आंबट सोसत नाही त्यांनी ती घ्यावीत.

फळ रंगावरून नाही, वजनावरून निवडायचं. दोन सारख्या आकाराची संत्री दोन हातांत घ्या. जे जड लागेल त्यात रस. साल फार फुगलेली आणि आतून सुटलेली वाटली, दाबल्यावर पोकळ लागली, तर आत चोथाच. हिरवट छटा असली म्हणून कच्चं असं नाही. सालीवर चिरा, मऊ काळे डाग, देठापाशी पांढरी-हिरवी बुरशी असेल ते मात्र घेऊ नका, आणि पेटीत एखादं तसं निघालं तर शेजारची फळंही उलटून-पालटून पाहा. कापून झाकणाच्या डब्यात विकायला ठेवलेली फळं गरोदरपणात टाळा. ती कधी कापली, कोणत्या पाण्यात धुतली, कळायला मार्ग नसतो.

लिंबू पातळ सालीचं, गुळगुळीत. तळहाताखाली टेबलावर जरा दाबून लाटलं की रस जास्त निघतो.

धुणं: साल खायची नसली तरी

या पायरीला बहुतेक जणी फाटा देतात. "साल तर काढूनच टाकायचीये" हे उत्तर मीही दिलं आहे. पण सुरी सालीतून गरात जाताना सालीवरचं सगळं आत नेते. हाताने सोलतानाही तेच, नखं सालीला लागतात आणि मग त्याच बोटांनी आपण फोड उचलतो. गरोदरपणात शरीराची प्रतिकारशक्ती थोडी बदललेली असते. लिस्टेरिया, साल्मोनेला यांसारख्या जंतूंचा त्रास या काळात आईला आणि बाळालाही महागात पडू शकतो.

तर असं करा. आधी स्वतःचे हात साबणानं धुवा. नळाच्या वाहत्या पाण्याखाली एकेक फळ धरून तळव्यांनी चोळा, देठाचा खळगा अंगठ्यानं फिरवून घ्या, धूळ तिथेच बसलेली असते. मोसंबी आणि लिंबाच्या सालीला बारीक छिद्रं असतात, त्यांना भाजीचा मऊ ब्रश चालतो. साबण किंवा भांडी घासायचं लिक्विड वापरू नका, ते सालीत मुरतं. मग कोरड्या स्वच्छ फडक्यानं पुसा. पुसणं सोडू नका, ओलसर फळ लवकर बुरशी धरतं. आणि सगळी पेटी एकदम धुवून ठेवू नका, खायच्या वेळी धुवा.

विळी किंवा सुरी आणि पाट धुतलेला हवा. ज्या पाटावर सकाळी मासे किंवा चिकन कापलं, त्यावर फळ नको. कापलेलं फळ दोन तासांच्या आत संपवा, उरलं तर झाकून फ्रिजमध्ये.

सालीचा मुरंबा किंवा सालीचा कीस घालून केक करायचा असेल, तर चकचकीत मेण लावलेली फळं वापरू नका. गावाकडून आलेली, बिनमेणाची मिळाली तर उत्तम.

ताट

आता त्या फाइलच्या मागच्या चित्राकडे येते.

आपल्या जेवणातलं लोह बहुतेक करून धान्यांतून, उसळींतून, पालेभाज्यांतून येतं. बाजरी, मटकी, चवळी, राजगिऱ्याचा पाला, पोहे. हे लोह शरीराला सहज घेता येत नाही. त्यातलं बरंचसं न शोषताच बाहेर पडतं. पण त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व आणि फळातलं आम्ल पोटात असलं, तर लोहाचं रूप बदलतं, ते विरघळलेलं राहतं आणि आतड्यातून जास्त आत जातं. दुपटीच्या पुढेही जाऊ शकतं. अट एकच, दोन्ही एकाच वेळी पोटात हवीत. जेवण एकला आणि संत्रं चारला, यात संत्र्याचे बाकी गुण मिळतात, पण हा मिळत नाही.

देशात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना रक्तक्षय आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा ५२.२ टक्के होता. म्हणून मी या एका सवयीवर इतका जोर देते. फळ जेवणानंतर "वेगळं" खायची आपली पद्धत आहे, ती या नऊ महिन्यांत थोडी मोडा. ताट वाढतानाच डाव्या बाजूला, चटणी-कोशिंबिरीच्या जागी, संत्र्याच्या चार-पाच फोडी ठेवा. मधल्या घासांना खा. मोसंबीचे बारीक तुकडे काकडीच्या कोशिंबिरीत, वर भाजलेलं दाण्याचं कूट, छान लागतं.

"आम्ही लिंबू पिळतोच की," असं कुणी म्हणेल. पिळाच. पण अर्ध्या कागदी लिंबाच्या रसात क जीवनसत्त्व जेमतेम चार-पाच मिलिग्रॅम असतं. लिंबातल्या आम्लाचाही फायदा होतो, तरी त्याच्या जोडीला खऱ्या फोडी हव्यात. आणि लिंबू पिळायचं ते गॅस बंद करून, ताटात वाढल्यावर. उकळत्या वरणात पिळलेल्या लिंबाची चव राहते, जीवनसत्त्व उडून जातं.

आता सकाळचं दृश्य बघा. पोह्यांची बशी, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. सगळं बरोबर. आणि बशीला टेकून चहाचा कप. चहातली टॅनिन लोहाला धरून ठेवतात. जेवणाबरोबरचा चहा लोहाचं शोषण निम्म्याहून जास्त कमी करू शकतो. लिंबानं जे दिलं ते चहानं काढून नेलं. चहा सोडा असं मी म्हणत नाही, मला ते जमलं नव्हतं. पोह्यांनंतर तासभर थांबून प्या. कॉफीलाही हेच.

लोहाची गोळी. सरकारी दवाखान्यात मिळणारी लाल गोळी ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिडची असते, चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस. ती साध्या पाण्याबरोबरही काम करते, त्यासाठी मुद्दाम रस काढायची गरज नाही. फोडीभर संत्रं खाल्लंत तर हरकत नाही, तोंडाची लोखंडी चवही जाते. चहा, कॉफी, दूध मात्र नको. आणि कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर कधीच नको. कॅल्शियम जेवणाबरोबर आणि लोह दोन जेवणांच्या मध्ये किंवा रात्री झोपताना, असं अंतर ठेवलं की दोन्ही लागू पडतात.

पित्त आणि मळमळ

गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं, त्यानं अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडते. शेवटच्या महिन्यांत गर्भाशयही खालून रेटा देतं. म्हणून छातीत जळजळ, करपट ढेकर, घशाशी आंबट पाणी. अशा वेळी आंबट फळ बऱ्याचजणींना भोवतं.

मला सातव्या महिन्यात कुणीतरी सकाळी उठल्याबरोबर कोमट पाण्यात लिंबू-मध घ्यायला सांगितलं होतं, पोट साफ राहतं म्हणून. चार दिवस घेतलं. चारही दिवस दुपारपर्यंत छाती जळत होती, रात्री उशी उंच करून बसून झोपावं लागलं. ते बंद केलं आणि तेच लिंबू जेवणात घेतलं, तर काही झालं नाही. तेव्हा उपाशीपोटी लिंबूपाणी नको, झोपायच्या आधी दोन-तीन तास आंबट फळ नको, आणि एका बैठकीत दोन-तीन संत्री नकोत. चार-पाच फोडी खाऊन बघा, सोसलं तर वाढवा. संत्र्यानं त्रास होत असेल तर गोड मोसंबीवर या. पित्ताचं पातळ औषध चालू असेल तर ते आणि आंबट रस एकाच वेळी घेऊ नका, मध्ये दोनेक तास जाऊ द्या. काही औषधांत ॲल्युमिनियम असतं आणि लिंबूवर्गीय रसाबरोबर ते शरीरात जास्त शोषलं जातं.

मळमळीचं उलटंच असतं. पहिल्या तीन महिन्यांत अनेकींना लिंबाचा वासच आधार देतो. लिंबाची साल नखानं खरवडून नाकाशी धरायची. प्रवासात रुमालात एक लिंबू ठेवायचं. आल्याच्या किसात लिंबू नि चिमूटभर सैंधव घालून अर्धा चमचा चाटायचं, पण त्याआधी कोरडं काहीतरी, खाकरा, टोस्ट, चार चुरमुरे, पोटात जाऊ द्यायचं. लिंबाचं लोणचं चवीपुरतं, एखादी फोड. त्यात मीठ फार असतं, आणि ज्यांचं बीपी वाढलंय किंवा पायांवर सूज आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून.

उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका. आम्लानं दातांचं वरचं आवरण मऊ झालेलं असतं, ब्रशनं ते झिजतं. कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरा, अर्ध्या-पाऊण तासानं ब्रश. आंबट फळ खाल्ल्यावरही साध्या पाण्यानं खळखळून चूळ भरावी. लिंबाची फोड दाताखाली धरून चोखायची सवय असेल तर या काळात सोडा.

रस आणि बर्फ

इथे मी जरा कडक आहे.

रस्त्यावरच्या रसाच्या गाडीवर उभं राहून पाच मिनिटं बघा. मोसंबीची रास उघड्यावर. एकाच बादलीत ग्लास बुडवून काढतात, सकाळपासून तेच पाणी. यंत्राच्या जाळीत आधीचा चोथा. आणि गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी, फुटपाथवर टेकवलेली, दाभणानं फोडलेली. मोसंबी कितीही चांगली असो, ग्लासात हे सगळं उतरतं.

गरोदर बाईच्या बाबतीत भीती साध्या जुलाबांपुरती नाही. दूषित पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ इतरांना बहुधा काही आठवड्यांत बरी होते. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली तर यकृत निकामी होऊ शकतं आणि अशा बायकांत मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं. इचलकरंजीत २०१२ साली पिण्याच्या पाण्यातून काविळीची मोठी साथ आली होती, तिथल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. खाण्याचा नसलेला बर्फ निळा असावा असा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे, पण ग्लासात विरघळलेल्या बर्फाचा रंग कोण ओळखणार? म्हणून बाहेरचा रस आणि बाहेरचा बर्फ नऊ महिने बंद. लग्नकार्यातलं सरबतही, ते कुठल्या पाण्याचं आहे हे माहीत नसेल तर. फार इच्छा झाली तर अख्खं फळ मागा, घरी न्या.

घरी रस काढायचा तर धुतलेल्या फळाचा, धुतलेल्या यंत्रात, आणि लगेच प्यायचा. मोसंबीचा रस ठेवला की अर्ध्या-पाऊण तासात कडवट व्हायला लागतो. सोलताना आणि पिळताना पेशी फुटतात आणि लिमोनिन नावाचं कडू द्रव्य हळूहळू तयार होतं. रस खराब झालेला नसतो, पण त्या चवीनं मळमळ वाढते. फोडींवरचा पांढरा पदर आणि बिया काढून टाकल्या की कडूपणा कमी.

लिंबू सरबत तांब्याच्या बाटलीत किंवा कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ठेवू नका. हल्ली तांब्याच्या बाटल्या घरोघर आहेत आणि बाईसाहेब ऑफिसला जाताना त्यातच लिंबू पिळून नेतात. आम्लानं तांबं पाण्यात उतरतं, आणि मळमळ, उलट्या, पोटात कळ हे सगळं होऊ शकतं. काच किंवा स्टील.

डबाबंद रस तापवून निर्जंतुक, म्हणजे पाश्चराइज, केलेला असतो, त्यामुळे जंतूंची भीती कमी, साखरेची जास्त. डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मुलींना तिथले डॉक्टर पाश्चराइज न केलेला रस पिऊ नका असं सांगतात. शेतकरी बाजारात मिळणारा ताजा रस त्यातच येतो.

साखर

गरोदरपणात साखरेची तपासणी होते: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाजतात, दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा त्यावर आली तर गरोदरपणातला मधुमेह. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. ते गोडमिट्ट पाणी घशाखाली उतरत नाही म्हणून काही जणी लिंबू पिळतात. पिळण्याआधी प्रयोगशाळेतल्या माणसाला विचारा, चालतं म्हणाले तरच.

साखर ठीक असेल तर दिवसाला एक-दोन फळं बिनधास्त. वाढलेली असेल तर फळ बंद होत नाही, रस बंद होतो. ग्लासभर रसाला तीन-चार मोसंबी लागतात. पाव लिटरमध्ये २० ग्रॅमच्या आसपास साखर, आणि चोथा यंत्रात राहिलेला. तीच मोसंबी एक, चावून, तंतूंसकट खाल्ली तर साखर सावकाश चढते. अशा वेळी ताटातल्या फोडींच्या हिशेबानं भात किंवा पोळी किती कमी करायची ते आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या, आणि घरी मशीन असेल तर संत्रं खाल्लेल्या दिवसाचं जेवणानंतरचं रीडिंग वहीत लिहा. दोन बायकांची शरीरं सारखी वागत नाहीत.

पपनस, ग्रेपफ्रूट आणि औषधं

बीपी वाढलं किंवा वेळेआधी कळा सुरू झाल्या तर डॉक्टर निफेडिपिन देतात. ग्रेपफ्रूटमधली काही द्रव्यं आतड्यातल्या एका एन्झाइमला रोखतात, तेच एन्झाइम हे औषध मोडायचं काम करतं. ते रोखलं की रक्तात औषध जास्त चढतं, बीपी एकदम उतरू शकतं, चक्कर येते. पपनसातही ही द्रव्यं असतात, आणि हा परिणाम एका दिवसाहून जास्त टिकू शकतो, तेव्हा सकाळी गोळी आणि संध्याकाळी पपनस असं अंतर ठेवून भागत नाही. गणपतीत माटोळीचं पपनस प्रसाद म्हणून हातात आलं, तर कपाळाला लावून दुसऱ्या कुणाला द्या. संत्र्याला आणि मोसंबीला हे लागू नाही. दुसरं कोणतंही औषध रोज चालू असेल, तर पपनस किंवा ग्रेपफ्रूट चालेल का, हा प्रश्न पुढच्या भेटीच्या यादीत लिहून ठेवा.

क जीवनसत्त्वाच्या चघळायच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या औषधाच्या दुकानात सहज मिळतात, आणि "फळ खाता येत नाही तर गोळी घे" असा सल्लाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. मूत्रपिंडाचा आजार किंवा मुतखडा आधीपासून असेल, तर फळं किती हेही त्यांनाच विचारून ठरवा.

केव्हा दवाखाना गाठायचा

दिवसभरात पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद पिवळी होत असेल, वजन उतरत असेल, तर लिंबू-आल्याच्या उपायांत वेळ घालवू नका. ताप आणि जुलाब एकत्र आले, जुलाबात रक्त दिसलं, तेव्हाही. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला, लघवीचा रंग चहासारखा झाला, अन्नावरची वासना गेली, तर त्याच दिवशी. तळहात-तळपायांना रात्री पुरळ नसताना खाज सुटली, तर तीही सांगा. पोटाच्या वरच्या उजव्या बाजूला दुखणं, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे चमकल्यासारखं होणं हे "पित्त" समजून अंगावर काढू नका. ते बीपी वाढल्याचं लक्षण असू शकतं.

जाताना बाहेर काय खाल्लं-प्यायलं ते आठवून एका कागदावर लिहून न्या. जुलाब-ताप असेल तर गेल्या दोन-तीन दिवसांतलं. काविळीची शंका असेल तर गेल्या अडीच महिन्यांतलं, कारण हिपॅटायटिस ई दिसायला २ ते १० आठवडे लागतात. कुठल्या गावी गेलात, कुणाच्या घरचं पाणी प्यायलात, कुठे रस घेतलात, सगळं. आणि गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत तशाच टाका.